पोटावर हात ठेवण्याआधी

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद

विषय : आतड्याच्या दाहाच्या रुग्णांवर होणारे हस्तोपचार आणि त्यांची शिस्त



मी क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा रुग्ण आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि त्याला जोडलेली मोठ्या आतड्याची सुरुवात शस्त्रक्रियेनं काढून टाकलेली आहे, औषधं चालू आहेत, आणि एका नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट बाईंकडून मी पोटावरचे हस्तोपचार घेतलेले आहेत. त्यांचा मला फायदा झाला. हे आधी सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून मी या उपचाराच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. माझी मागणी साधी आहे. आयबीडीच्या रुग्णाच्या पोटाला हात लावण्याआधी त्याला काय विचारायचं, हात कधी लावायचाच नाही आणि कोणतं आश्वासन द्यायचं नाही, हे परिषदेनं सोप्या मराठीत, एका पानावर लिहून जाहीर करावं.

हे पत्र वर्तमानपत्राच्या वाचकांसमोरही असल्यामुळे आजाराबद्दल थोडं सांगतो. आयबीडी म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं दाह होत राहण्याचे आजार. त्यातले मुख्य दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो, गुदाशयापासून वर सलग पसरतो आणि सहसा आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, मध्येमध्ये निरोगी भाग सोडत होतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार शिरतो. म्हणून त्यात आतडं अरुंद होणं, पोटात गळू होणं, भगंदर होणं असे प्रकार घडतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. हे पाश्चात्त्यांचे आजार, आपल्याकडे नाहीत, असा समज बरीच वर्षं होता. पण पंजाबात घरोघर जाऊन केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे ४४ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. क्रोन्सच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की अनेक रुग्ण आधी कित्येक महिने टीबीच्या गोळ्या खातात आणि मग त्यांचं खरं निदान होतं.

तुमच्या व्यवसायाचा संबंध येतो तो याच्या पुढच्या टप्प्यात. औषधं लागू पडतात, रक्त जायचं थांबतं, वजन सावरतं. दाह दाखवणाऱ्या, विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनचा आकडा खाली येतो, दुर्बिणीतून आतडं स्वच्छ दिसतं. डॉक्टर फाइल मिटत म्हणतात, "रिपोर्ट उत्तम आहेत." आणि रुग्ण तिथंच घुटमळतो, कारण त्याचं पोट अजून गच्च होतं, कळा येतात, गॅस धरतो, शौचाला एकदम घाई होते किंवा तासभर बसूनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. हे मनाचे खेळ नव्हेत. दाह शांत असलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना आयबीएससारख्या, म्हणजे आतड्याला जखम नसतानाही पोट बिघडत राहण्याच्या, अशा तक्रारी राहतात, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं आहे. दाहाच्या काळात हळव्या झालेल्या नसा दाह गेल्यावरही हळव्या राहतात. आतड्याची चाल बदललेली असते. शस्त्रक्रिया झाली असेल तर पित्तक्षारांमुळे जुलाब होतात, आत चिकटाव होतात. वर्षानुवर्षं दुखतं म्हणून माणूस पोट आवळून धरायला शिकतो, श्वास छातीतच घ्यायला लागतो. लोकांत कपडे खराब होतील या भीतीनं गुदद्वाराभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत ताणलेले राहतात, आणि शौचाला बसल्यावर जिथं ते सैल पडायला हवेत तिथंही सैल पडत नाहीत. दार आतून ओढून धरायचं आणि आतूनच ढकलायचं, असा तो प्रकार होतो.

यातल्या पित्तक्षारांवर गोळी आहे. आवळलेल्या स्नायूंवर, चोरलेल्या श्वासावर आणि घट्ट बसलेल्या व्रणावर मात्र हाताचं काम आहे, आणि ते हात तुमच्या लोकांकडं आहेत.

चांगलं काम कसं असतं ते सांगतो. मी ज्या बाईंकडं गेलो त्यांनी पहिल्या भेटीत पोटाला हातच लावला नाही. फाइल उघडून बसल्या. शेवटची कोलोनोस्कोपी कधी, त्यात काय दिसलं, कॅलप्रोटेक्टिन किती, स्टिरॉइड किती महिने घेतलं, रात्री शौचाला उठावं लागतं का, रक्त जातं का, उलट्या होतात का, हे सगळं विचारलं. पोटऱ्या उघड्या करायला लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहिलं. मग माझ्यासमोर माझ्या पोटविकारतज्ज्ञांना फोन केला. पुढच्या भेटीत गुडघ्यांखाली लोड देऊन उताणं झोपवलं आणि तळहात बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवून एवढंच म्हणाल्या, "माझा हात वर उचला, पण छाती न हलवता." मला ते जमेना. पोटानं श्वास घ्यायचा असतो हे ठाऊक असूनही पोट हलायला तयार नव्हतं. बराच वेळ त्यातच गेला.

त्यानंतर व्रण. बेंबीच्या बाजूनं खाली गेलेल्या टाक्यांच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवून त्या कातडी आधी वर-खाली, मग आडवी सरकवून पाहत. वरच्या भागात ती सहज सरकायची. खालच्या टोकाशी मात्र खालच्या थराला धरून बसलेली होती. तिथं त्या जोर लावत नसत. बोटं नुसती टेकवून थांबत, श्वास सोडताना किंचित ओढत, पुन्हा थांबत. सगळ्यात शेवटी मोठ्या आतड्याच्या वाटेनं हात फिरायचा : उजव्या जांघेच्या वरून बरगडीपर्यंत, तिथून आडवा डावीकडं, मग डाव्या कुशीनं खाली. माझं उजव्या कोपऱ्यातलं आतडं कापून जोडलेलं आहे, म्हणून तिथं दाब अगदी हलका असे. बोलता बोलता माझा श्वास अडकला तर त्या लगेच हात उचलत. काही आठवड्यांनी पोटाचा गच्चपणा कमी झाला, जेवणानंतर मी पोट धरून बसायचा थांबलो, आणि सरळ उभं राहताना व्रण ओढला जाईनासा झाला. निरोप देताना त्यांनी सांगितलं, "बरं वाटलं ते ठीक आहे, पण इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही. आजारावर माझ्याकडं काही नाही."

हे शेवटचं वाक्य मला त्यांच्या बोटांइतकंच मोलाचं वाटतं. आजवरचं संशोधनही जवळपास तेच सांगतं. फ्रान्समधल्या नीस शहरातला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रोन्सचा दाह शांत असलेले, पण आयबीएससारखा त्रास होणारे ३८ रुग्ण त्यात होते. २५ जणांना ऑस्टिओपॅथी या हस्तोपचाराची तीन सत्रं मिळाली, १३ जणांना नाही. हस्तोपचार झालेल्यांच्या तक्रारींची तीव्रता कमी झाली. जाहिरातीत यातलं एवढंच येतं. त्याच अभ्यासात असंही नोंदलेलं आहे की हे सगळे रुग्ण इन्फ्लिक्सिमॅब या दाहावरच्या औषधावर होते. म्हणजे आग औषधानं विझवलेली होती आणि हात उरलेल्या त्रासावर चालला. शिवाय अभ्यास लहान, आणि दुसऱ्या गटाला तुलनेसाठी दिखाऊ उपचारही दिलेला नव्हता. कुणी तासभर आपल्या पोटाकडं लक्ष दिलं, शांतपणे ऐकून घेतलं, याचाच किती गुण आला ते त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही तुमच्यासमोर असावेत. बोटांनी चाचपून अवयवांची हालचाल ओळखता येते असा दावा व्हिसरल ऑस्टिओपॅथीत केला जातो. फ्रान्समधल्याच संशोधकांनी २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा त्या निदानावर विसंबता येईल असा पुरावा त्यांना सापडला नाही, आणि उपचार परिणामकारक असल्याचा भक्कम पुरावाही नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची बद्धकोष्ठता पोटाच्या मालिशनं कमी होते का, हे पाहणारी मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली. ज्या मुख्य मापावर ती बेतलेली होती त्यात ठोस फरक दिसला नाही. शस्त्रक्रियेनंतरचे चिकटाव हातानं सुटतात असं सांगताना ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो २०१२ चा आहे, आणि तो उंदरांवर झालेला आहे. मी वर उल्लेख केलेल्या एकाही अभ्यासानं हातानं आतड्याचा दाह ओसरतो किंवा आतले व्रण भरतात असं दाखवलेलं नाही.

थोडक्यात, जागा आहे, पण ती छोटी आहे आणि औषधांच्या शेजारची आहे. ती छोटी आहे म्हणून सोडूनही देता येत नाही. कारण तुम्ही ती सोडली की तिथं दुसरं कुणीतरी बसतं.

आपल्याकडं पोट दुखलं की चोळून घेण्याची रीत जुनी आहे. बाळंतिणीचं पोट चोळणारी बाई गावोगाव होती, अजूनही आहे. "बेंबी सरकली" हे निदान आजही शहरात, शिकलेल्या घरांत होतं. बेंबीपासून दोन्ही बाजूंना दोरा लावून अंतर मोजतात, अंगठ्यानं बेंबीत दाबून ठोका कुठं लागतो ते पाहतात, आणि तो मध्यावर नसेल तर चोळून किंवा पोटावर तांब्या लावून बेंबी जागेवर बसवतात. तो ठोका पोटातल्या महाधमनीचा असतो. माणूस जितका रोड, तितका तो ठळक लागतो. आजारानं वाळलेल्या आयबीडीच्या रुग्णाची बेंबी म्हणूनच दर वेळी सरकलेली निघते! निरोगी माणसाचं अशा चोळण्यानं बहुधा काही बिघडत नाही, गॅस सरून बरंही वाटतं. पण क्रोन्समध्ये उजव्या ओटीपोटात हाताला लागणारा गोळा हा दाहानं जाड झालेलं आतडं असू शकतो, किंवा पू साठलेलं गळू. तो गोळा अंगठ्यानं "फोडायला" जाणारे हात मी पाहिले आहेत.

ही मंडळी तुमच्या अखत्यारीत नाहीत, हे मला माहीत आहे. २००२ च्या ज्या कायद्यानं परिषद उभी राहिली त्यात त्यांची नोंद नाही. पण अलीकडं शिकल्या-सवरलेल्या दवाखान्यांतही जुनीच भाषा नव्या नावांनी येऊ लागली आहे. एका चकचकीत क्लिनिकमध्ये मला सांगण्यात आलं की माझं आतडं "लॉक" झालंय, ते दहा सत्रांत मोकळं होईल, आणि मग इंजेक्शनची "केमिकल्स" हळूहळू सोडता येतील. फाइल मागितली गेली नाही. आजार कोणता, हेसुद्धा नीट विचारलं नाही. पोटाचा त्रास म्हटल्यावर आयबीएस धरून चालले. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते. आमच्या आजारात असू शकते. ज्याच्या पोटावर हात ठेवायचा त्याला या दोहोंपैकी कोणता आजार आहे हे न विचारणं, हीच मूळ अडचण आहे.

कारण हाताला दाह दिसत नाही. कितीही अनुभवी बोटं असोत, आतलं अस्तर आज लाल आहे की शांत, हे त्यांना कळत नाही. पोट मऊ लागलं म्हणून आत सगळं ठीक आहे असंही नव्हे; स्टिरॉइडवर असलेल्या रुग्णाच्या आतड्याला भोक पडलं तरी पोट नेहमीसारखं ताठ होत नाही, दुखणं दबून राहतं. त्यामुळे आमच्या बाबतीत हस्तोपचाराची सुरक्षितता ठरते ती हात ठेवण्याआधी विचारलेल्या प्रश्नांवर. तेवढ्यासाठी हे पत्र.

त्या एका पानावर काय असावं, ते रुग्ण म्हणून सुचवतो. शब्द तज्ज्ञांनी ठरवावेत.

सुरुवातीला, हात कधी लावायचा नाही ते. रक्त पडतंय, ताप आहे, रात्री जुलाबासाठी उठावं लागतंय, वजन उतरतंय : आजार भडकलेला आहे, पोटाला हात नको, डॉक्टरांकडं पाठवा. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारा सरत नाही : आतडं अडलेलं असू शकतं, चोळत बसू नका, रुग्णालयात पाठवा. पोटात गोळा लागतोय आणि ताप आहे : तेच. नुकतीच शस्त्रक्रिया झालीय, किंवा कोलोनोस्कोपीत तुकडे काढलेत : शल्यचिकित्सक किंवा पोटविकारतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत थांबा.

त्याच्याखाली पोटाबाहेरच्या दोन गोष्टी ठळक छापाव्यात, कारण त्या सहज सुटतात. आयबीडीच्या रुग्णात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि आजार भडकल्यावर तो आणखी वाढतो. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर ती चोळणं म्हणजे गुठळी फुप्फुसाकडं ढकलणं ठरू शकतं. आणि पाठ. आमच्यात पाठदुखी पुष्कळांना असते. काहींना माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा, मणक्यांचा दाहही असतो. त्यात स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ झालेली. अशा पाठीवर झटका देऊन मणका "कडकन" वाजवण्याचे प्रयोग होता कामा नयेत. पोटावर पिशवी असलेल्या रुग्णांसाठीही दोन ओळी हव्यात. पिशवीच्या भोवती हर्निया व्हायची शक्यता असते, म्हणून त्यांना वजन कसं उचलायचं, खोकताना आधार कसा द्यायचा हे शिकवणं दाबण्या-चोळण्यापेक्षा मोलाचं.

पुढचा भाग संमतीचा. घाईनं शौचाला होणं, नकळत होणं, साफ न होणं या तक्रारींत पोटापेक्षा पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम जास्त उपयोगी पडू शकतं. पण हा भाग नाजूक. तपासणी कशी होणार हे आधी सांगणं, नको म्हणायची मुभा देणं, स्त्री रुग्णासाठी स्त्री थेरपिस्ट किंवा सोबत दुसरी स्त्री असणं, हे लेखी असलं पाहिजे. आमच्यापैकी कित्येकांना गुदद्वाराजवळ भगंदर असतं, तिथली कातडी आधीच फाटलेली, दुखरी असते. लाजेनं माणूस ते सांगत नाही. म्हणून ते विचारणं थेरपिस्टच्या कामात धरावं.

आणि शेवटी आश्वासनं. "कोलायटिस मुळापासून बरा", "औषधांशिवाय आतडं रीसेट" असल्या जाहिराती नोंदणीकृत व्यक्तीनं केल्या तर ती व्यावसायिक गैरवर्तणूक मानली जाईल, असं परिषदेनं स्पष्ट म्हणावं. आमच्यात औषध सोडण्याचा मोह मोठा असतो. बायोलॉजिक इंजेक्शनं महाग आहेत, गोळ्यांना अंत नाही, आणि बरं वाटू लागलं की औषधाची गरजच उरली नाही असं वाटतं. अशा वेळी ज्याच्या हातानं आराम पडला त्याचा शब्द रुग्ण डॉक्टरांपेक्षा जास्त मानतो. तो शब्द चुकीचा असेल तर पुढचा भडका महिन्याभरात किंवा वर्षानं येतो, आणि तेव्हा त्या शब्दाचा हिशेब कुणी मागत नाही.

हा कागद लिहिणं फार खर्चाचं काम नाही. पोटविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, पेल्व्हिक फ्लोअरचं काम करणारे दोन-तीन थेरपिस्ट आणि दोन रुग्ण एका टेबलाशी बसले की मसुदा होईल. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं तुमचा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणला आहे. मसुदा चांगला उतरला तर तो तिथंही पाठवता येईल. त्यापुढं एक काम मोठं आहे. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय पन्नासच्या दशकात मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झालं. तिथं एकाच आवारात फिजिओथेरपी शिकवली जाते आणि पोटविकाराचा विभागही आहे. दाह शांत असलेले रुग्ण, खरा हस्तोपचार आणि तुलनेला दिखाऊ हस्तोपचार, अशी नीट आखलेली चाचणी इथं झाली तर नीसच्या ३८ रुग्णांवर आपल्याला किती दिवस विसंबायचं हा प्रश्न सुटेल. निकाल उलटा लागला तरी चालेल. निदान आम्ही पैसे कुठं घालवायचे नाहीत ते कळेल.

१९ मे हा जागतिक आयबीडी दिन असतो. त्या दिवशी इमारती जांभळ्या दिव्यांनी उजळतात, भाषणं होतात. या वर्षी त्या दिवसाआधी हा कागद राज्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत थेरपिस्टपर्यंत पोहोचावा आणि दवाखान्यात रुग्णाला वाचता येईल अशा जागी लागावा, एवढी विनंती आहे. मसुद्यासाठी रुग्णांच्या बाजूनं माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे.

कळावे.

आपला,
क्रोन्सचा एक रुग्ण
सातारा